रेडिएटरचा नवा पाईप बसत नाही? जोर लावण्याआधी काय काय तपासायचं

मागच्या मे महिन्यात पारोळ्याहून धुळ्याला निघाले होते. मुकटीच्या अलीकडे गाडीचा तापमानाचा काटा चढायला लागला. गाडी बाजूला घेतली तर बोनेटच्या फटीतून गोडसर वासाची वाफ येत होती. रेडिएटरच्या वरच्या पाईपला क्लिपच्या अगदी मागे बोटभर चीर गेली होती. गाडी ओढून घरी आणली. पाईप बदलायचा, तासाभराचं काम, असं सगळ्यांनी सांगितलं. मला त्याला नऊ दिवस लागले. दोन पाईप आणले आणि दोन्ही बसले नाहीत. दुसरा बसवताना मी इतका जोर लावला की रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी मुळाशी तडकली. साडेसहाशे रुपयांच्या पाईपसाठी साडेपाच हजारांचा रेडिएटर गेला.

मी मेकॅनिक नाही, शिक्षिका आहे. गाडी जुनी आणि दुसऱ्या हाताची असल्यामुळे किरकोळ कामं स्वतः करायची सवय लागली. त्या नऊ दिवसांत आमच्या गावातल्या एका जुन्या मेकॅनिकने, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, मला जे दाखवलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. नळी तडकल्यावर त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, जोर नका लावू. आधी दखा, मंग बसाडा."

शब्द आधी ठरवून घेऊ. दुकानात 'होज पाईप' किंवा नुसतं 'रेडिएटरचा पाईप' म्हणतात, तो रबराचा वळणदार पाईप. तो रेडिएटरच्या आणि इंजिनच्या ज्या आखूड नळकांड्यांवर चढतो त्यांना मी 'नळी' म्हणते. नळीच्या टोकाशी एक गोल उंचवटा असतो, त्याला 'कडं' म्हणते. पाईप नळीवर आवळून धरणारी गोल पट्टी म्हणजे 'क्लिप'. वरचा पाईप इंजिनातलं तापलेलं पाणी (म्हणजे पाणी आणि 'कूलंट' नावाचा रंगीत द्रव यांचं मिश्रण) ते गार करणाऱ्या रेडिएटरकडे नेतो, खालचा पाईप गार झालेलं पाणी पाण्याच्या पंपाकडे आणतो.

हाताशी काय लागेल

- गाडीचं आरसी. चेसिस नंबर त्यावर असतो, १७ अक्षरं-आकड्यांचा. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
- जुना पाईप, फाटलेला असला तरी.
- पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि क्लिपच्या नटाला बसेल असा पान्हा.
- शिवणाचा जाड दोरा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच.
- धारदार ब्लेड, बारीक एमरी पेपर (घासायचा खरखरीत कागद), दोन-तीन सुती फडकी.
- कूलंट धरायला रुंद टब, एक पातेलं गरम पाणी, थोडा भांड्यांचा लिक्विड साबण.
- नवीन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालायला मिळतं तेच चालतं.

१. गाडी पूर्ण गार होऊ द्या

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात उभी असलेली गाडी तासाभरात गार होत नाही. मी संध्याकाळी गाडी सावलीत लावून सकाळी सहाला काम सुरू करते.

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसेल. तो बारमधला दाब आहे. एक बार जादा दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा पाईप हाताने दाबून बघा. तो कडक लागला तर आत अजून दाब आहे, झाकणाला हात लावू नका.

किल्ली काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरतो आणि त्या वेळी हात तिथेच असू शकतो. बॅटरीची ऋण तार सोडली तर सगळ्यात बरं.

२. जुना पाईप काढा

काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. क्लिपचा स्क्रू कुठल्या बाजूला होता, पाईप कशाच्या वरून आणि कशाच्या खालून गेला होता, कुठे बेल्टच्या जवळ होता, हे फोटोत दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी यातलं काहीच नीट आठवत नाही.

खाली टब ठेवून कूलंट सोडा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा आणि टब उघडा ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, त्याची चव गोड असते आणि ते विषारी आहे. अंगणात कुत्रं, मांजर, लहान मूल, कुणीही त्याला तोंड लावू शकतं.

क्लिप सैल करून मागे सरकवा. पाईप सरळ ओढू नका, आधी डावी-उजवीकडे पिळा. पाच-सात वर्षं बसलेला पाईप नळीला चिकटलेला असतो आणि पिळल्यावरच सुटतो. तरी सुटला नाही तर टोकाकडून लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, पण रबर पूर्ण कापू नका. शेवटचा पातळ थर राहू द्या आणि तो अंगठ्याने फाडा. ब्लेड नळीला लागलं की तिथे ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. स्क्रू ड्रायव्हर आत घालून पाईप उचकटण्याचा मोह होतो. प्लॅस्टिकच्या नळीवर तो प्रकार कधीही करू नका.

पाईप फेकू नका. काम पूर्ण होऊन आठवडा जाईपर्यंत तो लागणार आहे.

३. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा

हे काम दुकानाच्या काउंटरवरच करायचं. घरी आणून करायचं नाही. माझी पहिली चूक इथेच झाली. मी दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगितलं, त्याने मागून एक पाईप काढून दिला, वळण सारखं वाटलं म्हणून मी घेऊन आले. घरी साबणाचं पाणी लावून चढवायला गेल्यावर कळलं की तो त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा होता. माझी डिझेल. ओला झालेला पाईप दुकानदाराने परत घेतला नाही. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण बिलावर पार्ट नंबर नव्हता, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

तेव्हा नवा पाईप बसेपर्यंत कोरडा ठेवा, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

दोन्ही पाईप काउंटरवर एकाच दिशेने ठेवा आणि या गोष्टी बघा.

वळणं किती आणि कुठे आहेत ते आधी. पाईपचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असतो. एका हाताच्या लांबीत दोन बोटांचा फरक असेल तरी वळण चुकीच्या जागी येतं.

मग दोन्ही तोंडांचं आतलं माप. पुष्कळ पाईपना एका टोकाला मोठं आणि दुसऱ्याला लहान तोंड असतं, ते नुसत्या डोळ्याला कळत नाही.

पोटातून फुटणारी फांदी असेल, म्हणजे हीटरकडे किंवा कूलंटच्या टाकीकडे जाणारा बारीक पाईप, तर ती कुठून आणि कुठल्या कोनात निघते ते. सेन्सर बसवायची जागा जुन्यात असेल तर ती नव्यातही हवी.

खालचा पाईप घेत असाल तर जुन्याच्या आत तारेची स्प्रिंग आहे का ते चाचपा. पंप पाणी ओढतो तेव्हा खालचा पाईप आत दबू नये म्हणून काही गाड्यांत ती असते. जुन्यात असेल तर नव्यातही हवीच.

एकाच मॉडेलच्या गाडीत पाईप वेगळा निघण्याची कारणं बरीच असतात. पेट्रोल आणि डिझेल हे पहिलं. गिअर हाताचा की ऑटोमॅटिक, गाडी कंपनीने मधल्या वर्षात बदलण्याच्या आधीची की नंतरची, यानेही रेडिएटर बदलतो. म्हणून 'अमुक गाडीचा वरचा पाईप द्या' एवढ्यावर थांबू नका. चेसिस नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगा.

आणखी एक साधी गोष्ट. पाईप उलटा धरलेला नाही ना? दोन्ही तोंडं सारखी दिसत असली तर इंजिनकडचं टोक रेडिएटरकडे जातं आणि पाईप पीळ पडल्यासारखा उभा राहतो. पाईपवर पांढरी रेघ, बाण किंवा रंगाचा ठिपका असतो. जुन्यावरची तीच खूण कुठल्या बाजूला होती ते फोटोत बघा.

४. नळीचं माप दोऱ्याने घ्या

दुसरा पाईप मी चेसिस नंबर देऊन घेतला. पार्ट नंबर बरोबर, पाकीट बंद, वळण हुबेहूब. इंजिनकडचं टोक एका झटक्यात बसलं. रेडिएटरकडचं काही केल्या चढेना. साबण लावला, गरम पाण्यात बुडवलं, शेवटी दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला, आणि कट् असा आवाज आला.

एक टोक बसतं आणि दुसरं बसत नाही, याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता. आबांनी नळीवर नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "रेडिएटर कधी बदला?" मी म्हटलं, मी नाही बदलला. त्यांनी वाकून पंख्याच्या जाळीकडे दाखवलं. तिचे मूळ नट नव्हतेच, बाइंडिंगच्या तारेने ती बांधलेली होती. रेडिएटरच्या खालच्या कानाला दोन जादा वॉशर लावून उंची जुळवली होती. आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा रेडिएटर बसवला होता आणि त्याच्या नळीवर जुना पाईप ताणून चढवला होता. चेसिस नंबरवरून आलेला पाईप बरोबर होता, पण तो ज्या रेडिएटरसाठी होता तो रेडिएटर गाडीत राहिलाच नव्हता.

गाडी दुसऱ्या हाताची असेल तर कागदावर विसंबू नका, नळी मोजा. कॅलिपर नसेल तर दोरा पुरतो. कड्याच्या मागे, नळीच्या सपाट भागावर दोरा एकदा घट्ट गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे पेनाने खूण करा, दोरा सरळ करून पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा साधारण १०० मिलिमीटर भरला तर नळी ३२ ची, ११० भरला तर ३५ ची, ११९ भरला तर ३८ ची. दोऱ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तरी व्यासात जेमतेम ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून हे माप घरच्या घरी भरवशाचं आहे. कड्यावरून मात्र दोरा घेऊ नका, माप फुगतं.

आता पाईपचं आतलं तोंड पट्टीने मोजा, आडवं आणि उभं दोन्ही. मग असा हिशेब करा:

- पाईप नळीइतकाच किंवा १ मिलिमीटर लहान असेल तर तो बसणारच. अडचण दुसरीकडे आहे, पुढच्या पायऱ्या बघा.
- पाईप ३ मिलिमीटर लहान असेल तर थांबा. माझ्या बाबतीत हेच होतं, पाईप ३५ आणि नळी ३८. ताणून चढवला तरी रबर कड्यापाशी ताणलेलंच राहतं आणि पुढे तिथेच फाटतं.
- पाईप नळीपेक्षा मोठा असेल, सैल हलत असेल, तर क्लिप आवळून काम भागवू नका. रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून दाबाखाली पाणी निघतं.

एकाच टोकाचं माप चुकत असेल तर दोन मार्ग आहेत. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाचं तोंड असलेला पाईप शोधायचा. जळगाव, धुळ्यासारख्या ठिकाणी स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानांत जुना पाईप आणि दोन्ही मापं दाखवली तर वळण जुळणारा दुसऱ्या गाडीचा पाईप ते काढून देतात. नाहीतर गाडीचा मूळ प्रकारचा रेडिएटर बसवायचा. मध्ये लोखंडी पाईपचा तुकडा घालून चार क्लिपांचा सांधा करून देणारे भेटतील. गाव गाठण्यापुरता तो चालेल, पण वर्षभर त्यावर गाडी चालवू नका.

५. नळी साफ करा

माप बरोबर असूनही पाईप अर्ध्यात अडकतो, त्याचं सगळ्यात सामान्य कारण हे. नळीवर जुन्या रबराची काळी साल चिकटलेली असते. ॲल्युमिनियमच्या नळीवर पांढरा खडबडीत गंज येतो. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, आणि वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये तेच ओतलं गेलं असेल तर चुनखडीसारखा थर बसलेला असतो. अशी नळी मोजली तर मापसुद्धा मोठं येतं, म्हणून शंका असेल तर साफ करून पुन्हा मोजा.

आधी नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, कचरा आत जायला नको. ॲल्युमिनियमच्या नळीवर बारीक एमरी पेपर गोल फिरवा, नळीला वेढा घालून. लांबीच्या दिशेने घासलात तर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून पाणी बाहेरची वाट धरतं. प्लॅस्टिकच्या नळीला एमरी लावू नका. जुनं एटीएम कार्ड किंवा नख वापरून साल काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. मग बोळा बाहेर काढा.

प्लॅस्टिकच्या नळीला मुळाशी, जिथे ती रेडिएटरच्या टाकीला जोडलेली असते तिथे, टॉर्च लावून बघा. केसासारखी रेघ दिसली तर पाईप चढवूच नका. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

६. आता चढवा

क्लिप आधी पाईपवर घालून मागे सरकवून ठेवा. पाईप चढवल्यावर क्लिप आठवली की सगळं पुन्हा काढावं लागतं.

पाईपचं तोंड गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, चहाला आधण येतं तितकं गरम. उन्हाळ्यात पाईप आधीच मऊ असतो, पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा सात-आठ अंशांवर येतो, तेव्हा रबर लाकडासारखं कडक होतं आणि बरोबर मापाचा पाईपही चुकीचा वाटायला लागतो. लायटर किंवा गॅसच्या ज्योतीवर तोंड गरम करणारे मी पाहिले आहेत. वरचं रबर जळतं, आतलं थंडच राहतं, आणि पुढे तो भाग तडकतो.

नळीला कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन लावू नका. हे पाईप बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात आणि ते रबर खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं. आज सहज चढलेला पाईप सहा महिन्यांनी क्लिपखालून सरकतो.

मग ढकलताना पाईप थोडा थोडा पिळा. आधी पाईपच्या तोंडाची एक बाजू कड्यावर चढवायची आणि अंगठ्याने उरलेली बाजू हळूहळू वर घ्यायची. सायकलचा टायर रिमवर चढवतो तसंच. तोंड कड्याच्या पलीकडे जाऊन नळीच्या बुडाशी टेकलं पाहिजे. तेवढ्यावरही चढत नसेल तर जोर वाढवू नका, पायरी ४ वर परत जा.

काही नव्या गाड्यांत क्लिपच नसते. पाईपच्या टोकाला प्लॅस्टिकचं बूच, आत ओ-रिंग (पाणी अडवणारं रबराचं गोल वेढं) आणि वरून तारेची कडी असते. ते बसत नसेल तर बहुतेक वेळा जुनी ओ-रिंग नळीवरच राहिलेली असते किंवा तारेची कडी पूर्ण वर उचललेली नसते. नीट बसल्यावर टक् असा आवाज येतो. त्यानंतर एकदा मागे ओढून खात्री करा.

७. पाईप आखूड पडतो किंवा लांब होतो

लांब असेल तर सोपं. काही कंपन्या पाईप मुद्दाम लांब देतात, त्यावर कापायची खूण असते. ब्लेडने काटकोनात, सरळ कापा. कापायचं ते फक्त सरळ हातातून, वळणातून कधीच नाही. आत स्प्रिंग असेल तर ती नळीवर चढणार नाही इतकी आत असावी.

आखूड पडत असेल तर मात्र पाईपला दोष देण्याआधी इंजिन बघा. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि फार कमी लोक सांगतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ती रबरं खाली बसली की इंजिन एका बाजूला कलतं आणि त्याची नळी रेडिएटरपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर दूर जाते. जुना पाईप हळूहळू ताणत त्या जागेला सरावलेला असतो, म्हणून त्याला काही होत नाही. नवा पाईप मूळ मापाचा असल्यामुळे तो आखूड वाटतो. गाडी चालू करून गिअर टाकताना इंजिनला मोठा हिसका बसत असेल किंवा बंद करताना धडधड होत असेल तर माउंटिंग तपासून घ्या. रेडिएटर खाली ज्या रबरी बुशांवर बसतो त्याही गेल्या असतील तर रेडिएटर पुढे झुकतो आणि हाच प्रकार होतो.

ताणून बसवलेला पाईप इंजिनच्या प्रत्येक हिसक्यासरशी नळीला ओढत राहतो. बसवल्यावर पाईप बेल्टपासून, पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून मोकळा आहे ना, बोनेट बंद करताना दबत नाही ना, हेही बघा. वळणात तो चपटा झाला असेल तर पाणी अडतं.

८. क्लिप

क्लिपची जागा कड्याच्या मागे, नळीच्या सपाट भागावर. कड्यावर बसवली तर ती घसरते. पाईपच्या टोकापासून तीन ते पाच मिलिमीटर सोडा.

स्क्रूची क्लिप रबर थोडं दबेपर्यंत आवळा. क्लिपच्या खाचांतून रबर वर फुगून यायला लागलं तर जास्त झालं. प्लॅस्टिकच्या नळीवर जास्त आवळल्याने नळीच आत दबते.

गाडीला मूळची स्प्रिंगची क्लिप असेल तर ती फेकून स्क्रूची लावायची घाई करू नका. रबर उन्हाळ्या-हिवाळ्यात फुगतं आणि आकसतं, त्याबरोबर ती क्लिप आपोआप जुळवून घेते. पण बाजारातला पाईप कधी कधी जाड भिंतीचा असतो आणि जुनी स्प्रिंग क्लिप त्यावर पुरत नाही. तेव्हा मोठ्या मापाची घ्या, जबरदस्तीने फाकवू नका. पकडीतून सुटली तर ती डोळ्यावर येऊ शकते.

९. कूलंट भरा आणि हवा काढा

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका. बोअरचं पाणी नको, त्याचं कारण पायरी ५ मध्ये आलंच आहे.

शक्य असेल तर गाडीचं तोंड चढावर करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. मग झाकण लावून इंजिन चालू करा आणि वरच्या पाईपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा गार असलेला पाईप एकदम तापतो. पाईप गारच राहिला आणि काटा चढतच गेला तर बहुधा आत हवा अडकली आहे. इंजिन लगेच बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा भरा. पंखा दोनदा आपोआप लागून बंद झाला की ही पायरी झाली.

१०. पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, खाली पुठ्ठा पसरून बघा आणि टाकीतली पातळी तपासा. एकदा तापून गार झाल्यावर नवं रबर थोडं दबतं, म्हणून स्क्रूची क्लिप पाव फेरा पुन्हा आवळा. क्लिपभोवती कूलंटची रंगीत, पावडरसारखी खूण दिसली तर तिथून झिरपतं आहे.

पहिली लांब फेरी चाळीसगाव-कन्नड घाटाची करू नका. पारोळा-धुळे-पारोळा एवढीच करा आणि दोन्ही टोकांना थांबून बोनेट उघडा. कापसाचा हंगाम असेल तर जिनिंगच्या आसपास उडणारा कापूस रेडिएटरच्या पुढच्या जाळीत अडकतो, तोही पाण्याच्या हलक्या धारेने काढून टाका. पाईप नीट बसूनही गाडी तापत असेल तर आधी तिथे बघा.

वाटेत फुटला तर

गाडी गार होऊ द्या. चीर पुसून कोरडी करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून ती ताणून, एकावर एक अर्धी चढवत, चिरेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागा घेऊन गुंडाळा आणि दोन्ही टोकांना तार किंवा क्लिप लावा. मला मुकटीला एका केळीच्या ट्रकवाल्या दादांनी अशी पट्टी बांधून दिली होती, पण चीर क्लिपच्या अगदी लगत असल्याने ती टिकली नाही. चीर पाईपच्या मधल्या भागात असेल तर जवळचं गॅरेज गाठता येतं. एसी बंद, हीटर चालू, वेग कमी, नजर काट्यावर. काटा लाल रेघेकडे गेला की थांबायचंच, कारण पुढचा खर्च हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा, असतो.

माझ्या गाडीत शेवटी मूळ प्रकारचा रेडिएटर बसला. नवव्या दिवशी सकाळी आबांनी त्याच दुसऱ्या पाईपचं टोक गरम पाण्यातून काढलं, साबणाचा हात फिरवला आणि दोन पिळांत तो नळीच्या बुडाशी टेकला. पार्ट नंबर आणि दोन्ही टोकांची मापं मी आरसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात चिठ्ठी करून ठेवली आहेत, आणि खालचा पाईपही त्याच दिवशी बदलून घेतला, कारण तोही तितकाच जुना होता.